टोळधाड आणि धुऱ्यातला नाकतोडा

भंडारा जिल्ह्यातील शेतीला नाकतोड्यांच्या कुळापासून होणारा उपद्रव दोन प्रकारचा आहे: एक, पिढीतून एखाद्या वेळी वाऱ्याबरोबर आकाशातून उतरणारा आणि दुसरा, दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी शेताच्या धुऱ्यातून, म्हणजे धानाच्या दोन बांध्यांमधल्या (वाफ्यांमधल्या) मातीच्या वरंब्यातून, वर येणारा. पहिल्याची बातमी होते, सरकारी यंत्रणा रात्रभर जागते आणि गावोगाव त्याची आठवण टिकते. दुसऱ्याची फारशी नोंदही होत नाही. धान उत्पादकाच्या दृष्टीने मात्र हा दुसरा प्रकारच अधिक विचार करण्याजोगा आहे.

टोळ हा मुळात नाकतोडाच असतो. नाकतोड्यांच्या अनेक जातींपैकी मोजक्याच जातींमध्ये असा गुण असतो की संख्या विरळ असताना कीटक एकेकटे, लाजरे आणि आसपासच्या रंगात मिसळून राहतात, परंतु दाटी झाली की त्यांचे वर्तन, रंग आणि शरीराची ठेवणसुद्धा बदलते आणि ते थव्याने हिंडू लागतात. एकाच जातीची ही दोन रूपे आहेत, हे कीटकशास्त्रज्ञ बोरिस उवारोव्ह यांनी 1921 मध्ये मांडले. तोपर्यंत ती दोन भिन्न जातींची मानली जात होती. दाटीत मागच्या पायांना वारंवार स्पर्श झाल्याने टोळाच्या चेतासंस्थेत सेरोटोनिन या रसायनाचे प्रमाण वाढते आणि काही तासांतच तो इतरांना टाळण्याऐवजी त्यांच्याकडे ओढला जातो, असे पुढे प्रयोगांतून दिसून आले. महाराष्ट्राचा भूभाग एकेकाळी बॉम्बे टोळ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातीनेही पछाडलेला होता. 1901 ते 1908 या काळात तिचे थवे पश्चिम भारतात उठले आणि हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय या कीटकशास्त्रज्ञाने 1906 मध्ये तिच्यावर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. आज टोळधाड म्हटली की जी जात समोर येते ती वाळवंटी टोळाची.

वाळवंटी टोळाची भूक समजून घेतल्याशिवाय त्याची भीती का बाळगली जाते हे कळत नाही. एक पूर्ण वाढलेला टोळ सुमारे दोन ग्रॅम वजनाचा असतो आणि दिवसाला साधारण आपल्या वजनाइतके हिरवे खातो; एक चौरस किलोमीटर पसरलेल्या थव्यात चार ते आठ कोटी टोळ असू शकतात आणि असा लहानसा मानला जाणारा थवाही दिवसभरात सुमारे 35 हजार माणसांना पुरेल इतके अन्न फस्त करतो. हे कीटक दिवसा वाऱ्याच्या दिशेने उडतात, दिवसाला शंभर किलोमीटरहून अधिक अंतर कापू शकतात आणि सूर्यास्ताच्या सुमारास झाडांवर, झुडपांवर विसावतात. कोवळ्या वयातील, म्हणजे अद्याप अंडी घालण्याइतके पक्व न झालेले टोळ गुलाबी दिसतात आणि तेच सर्वाधिक खादाड असतात. पक्व झाल्यावर त्यांचा रंग पिवळा होतो.

2020 मध्ये भंडाऱ्यापर्यंत आलेल्या टोळधाडीची मुळे दोन वर्षे आधीच्या पावसात होती. 2018 मध्ये मेकुनू आणि लुबान या दोन चक्रीवादळांनी अरबी द्वीपकल्पातील ओसाड वाळवंटात इतका पाऊस पाडला की तेथे ओली वाळू आणि हिरवळ या टोळाला हव्या असलेल्या दोन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या आणि माणसांच्या नजरेआड त्यांच्या पिढ्यांवर पिढ्या वाढत गेल्या. तेथून येमेन, पूर्व आफ्रिका, इराण, पाकिस्तान असा प्रसार होत 2020 च्या एप्रिलपासून थवे राजस्थानात शिरू लागले. एरवी पावसाळ्यात वाळवंटात हिरवळ उगवली की ते तेथेच थांबतात व अंडी घालतात. त्या वर्षी मात्र ते पावसाच्या आधी आले, खायला काही नव्हते, म्हणून पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर ते पूर्वेकडे सरकत मध्य प्रदेशात आणि मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात विदर्भात पोहोचले. अमरावती, वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांतून पारशिवनीमार्गे एक थवा भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात टेमणी परिसरात उतरला. झाडांवर विसावलेल्या त्या थव्यावर अग्निशमन बंब आणि ट्रॅक्टरवरील पंपांच्या साहाय्याने फवारणी झाली, त्यात मोठ्या संख्येने टोळ मेले आणि उरलेले गोंदियाच्या बाजूला गेले.

त्या दिवसांत ठिकठिकाणी थाळ्या, डबे, ढोल वाजवून आणि धूर करून टोळांना हुसकावण्याचा प्रयत्न झाला. आवाजाने थवा उठतो हे खरे आहे आणि ज्याचे शेत वाचते त्याच्यासाठी त्याचे मोलही आहे, परंतु उठलेला थवा मरत नाही, तो शेजारच्या शिवारात बसतो. म्हणून दिवसा हाकलणे आणि रात्री मारणे या दोन कामांचा मेळ घालावा लागतो: थवा संध्याकाळी कोठे बसला याची अचूक खबर कृषी विभागाला देणे आणि तो पहाटेच्या गारव्यात जडावलेला असताना, उन्हाने अंग तापून उडण्यापूर्वी, त्याच्यावर फवारणी करणे. भारतात 1939 पासून कार्यरत असलेली टोळ इशारा संघटना याच पद्धतीने काम करते. तिचे क्षेत्रीय मुख्यालय जोधपूरला आहे, कारण तिचा खरा मोर्चा थरच्या वाळवंटात आहे. भंडाऱ्याची भारी जमीन आणि येथील भरपूर पाऊस वाळवंटी टोळाला मानवत नाहीत, त्यामुळे तो येथे आला तरी पाहुणाच राहतो.

धानावरचा नाकतोडा मात्र येथलाच आहे. हायरोग्लायफस या प्रजातीतील मोठा हिरवट-पिवळा नाकतोडा, ज्याच्या मानेमागील ढालीसारख्या भागावर काळ्या आडव्या रेषा असतात, आणि ऑक्सिया या प्रजातीतील त्याच्याहून लहान, डोळ्यामागून तपकिरी पट्टा गेलेला हिरवा नाकतोडा हे दोन्ही भारतातील धानपट्ट्यांत सर्वत्र आढळतात. यांपैकी मोठ्या नाकतोड्याची वर्षाला एकच पिढी होते आणि त्याला आवरण्याची सगळी किल्ली याच गोष्टीत आहे. पावसाळा सरताना मादी पोटाचे टोक जमिनीत खुपसून, नांगर न लागलेल्या धुऱ्याच्या मातीत काही सेंटीमीटर खोल, अंड्यांचा पुंजका घालते आणि त्याभोवती फेसासारखा चिकट स्राव सोडते. तो वाळून कडक झाला की आतली अंडी हिवाळा आणि उन्हाळा निर्धास्तपणे काढतात. मृगाचा पाऊस मुरला की त्यांतून पंख नसलेली पिल्ले बाहेर पडतात, आधी धुऱ्यावरच्या कोवळ्या गवतावर वाढतात, मग पऱ्ह्यांकडे, म्हणजे धानाच्या रोपवाटिकेकडे, आणि रोवणी झालेल्या बांधीकडे वळतात. पाने कडेपासून कुरतडली जातात, नुसती मधली शीर उरते; धान निसवताना प्रौढ नाकतोड्याने लोंबीचा देठ कुरतडला तर ती लोंबी पांढरी पडून पोचट राहते आणि पानांच्या नुकसानीपेक्षा हे नुकसान कितीतरी अधिक असते.

एवढे जीवनचक्र ध्यानात घेतले तर उपाय कोणत्या महिन्यात करायचा हे आपोआप ठरते. उन्हाळ्यात धुऱ्यांचे काठ कुदळीने किंवा फावड्याने छाटले आणि शक्य तेथे बांधीची उन्हाळी नांगरट केली, तर अंड्यांचे पुंजके उघडे पडतात. काही उन्हाने सुकतात, काही मैना, साळुंक्या, गायबगळे आणि मुंग्या संपवतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला धुऱ्यावरचे गवत काढत राहिले तर पिल्लांचा पहिला घास हिरावला जातो. ही पिल्ले उडू शकत नाहीत, ती एका पट्ट्यात गोळा झालेली असतात आणि त्या दोन-तीन आठवड्यांत केवळ धुऱ्यापुरती केलेली फवारणी पुरते. ऑगस्टनंतर तेच काम संपूर्ण शिवारावर करावे लागते, खर्च वाढतो आणि धानातील कोळी, चतुर, बेडूक यांसारखे मित्रजीवही विषाने मारले जातात.

फवारणीसाठी पहिली निवड निंबोळी अर्काची असावी, आणि हे केवळ परंपरेच्या प्रेमातून म्हटलेले नाही. सुदानमध्ये 1959 च्या टोळधाडीत आसपासची हिरवळ नाहीशी झाली तरी कडुनिंबाची झाडे शाबूत राहिली, हे हाइन्रिख श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1962 मध्ये निंबोळीच्या गराचे पाणी पिकावर फवारले आणि टोळांनी त्या पिकाला तोंड लावले नाही. निंबोळीतील अझाडिरॅक्टिन हे द्रव्य कीटकाची भूक मारते आणि पिल्लांची कात टाकण्याची क्रिया बिघडवते, त्यामुळे त्याचा परिणाम तत्काळ मरण घडवणारा नसला तरी पिल्लांच्या वयात तो चांगला लागू पडतो. पाच टक्के अर्कासाठी पाच किलो वाळलेल्या निंबोळ्यांचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवून गाळावा, थोडा साबणाचा चुरा मिसळून एकूण शंभर लिटर पाणी करावे आणि संध्याकाळी फवारावे, कारण कडक उन्हात अझाडिरॅक्टिन लवकर निकामी होते. रासायनिक कीटकनाशक वापरायचेच झाल्यास ते कृषी विभागाच्या सल्ल्याने आणि लेबलवर त्या पिकाचे नाव असेल तरच वापरावे.

घरामागच्या परसबागेतील वांगी, मिरची किंवा नव्याने लावलेल्या रोपांचा प्रश्न वेगळा आहे. तेथे जाळीच पुरेशी ठरते, मात्र मऊ कापडी किंवा प्लॅस्टिकची जाळी नाकतोडे कुरतडतात, म्हणून बारीक तारेची जाळी घ्यावी. सकाळी गारव्यात सुस्त असलेले नाकतोडे हाताने वेचता येतात आणि मोकळ्या सोडलेल्या कोंबड्या हे काम आनंदाने करतात. शेतात पक्ष्यांना बसायला टी आकाराच्या काठ्या रोवणे, मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या काठची झाडे आणि पाणथळ जागा राखणे, हेही याच संरक्षणाचे भाग आहेत.

धुरा दोन शेतकऱ्यांच्या शेतांच्या मधोमध असतो आणि एकाने छाटला पण शेजाऱ्याने तसाच ठेवला, तर जुलैत पिल्ले दोघांच्याही बांधीत उतरतात. त्यामुळे हे काम एकट्या घराचे नसून शिवाराचे आहे आणि ते रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी गावाने एकत्र ठरवून पूर्ण करावे.