कचेरीपलीकडचं ठाणं, स्टेशनपलीकडचं कल्याण



आज आपण सहलीबद्दल बोलणार आहोत. सहल म्हटलं की आपल्या गटांमध्ये देवदर्शनाची नावं पुढे येतात. ती चांगलीच आहेत. पण आमच्या बैठकांमध्ये एक गोष्ट वारंवार दिसते. "ठाण्याला कोण कोण गेलंय?" असं विचारलं की सगळ्यांचे हात वर होतात. "तिथे काय पाहिलं?" असं विचारलं की उत्तरं येतात ती सिव्हिल हॉस्पिटल, कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद अशी. कल्याणचं विचारलं तर स्टेशन, एस.टी. स्टँड आणि बाजार. म्हणजे आजारपण, अर्ज किंवा ओझं असल्याशिवाय आपण शहरात पाऊलच टाकत नाही. जिल्ह्याचं गाव आपलंही आहे. ते एकदा रिकाम्या हातांनी, मान वर करून पाहायला काय हरकत आहे?

या शहरांशी आपलं नातं किती जुनं आहे, ते आधी पाहू. ठाणं आणि कल्याण ही दोन्ही खाडीकाठची बंदरं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका परदेशी दर्यावर्दीने आपल्या किनाऱ्यावरच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली, तिच्यात कल्याणचं नाव आहे. घाटावरचा माल या बंदरात यायचा तो आपल्या मुरबाडच्या नाणेघाटातून. त्या घाटात जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण आजही आहे, आणि तिथल्या लेण्यातला लेख सातवाहनांची राणी नागनिका हिच्याशी जोडला जातो. म्हणजे आपल्या डोंगरातून उतरलेल्या मालावर ही बंदरं मोठी झाली. आजही तसंच आहे. शहापूरच्या भातसा धरणाचं पाणी ठाण्या-मुंबईला जातं. मुरबाडकडच्या बारवी धरणाचं पाणी कल्याण-डोंबिवलीकडे जातं. त्याच शहापुरात उन्हाळ्यात कितीतरी पाड्यांवर टँकर येतो, हे आपण भोगतोच. तेव्हा शहरात जाताना आपण परक्या म्हणून जायचं कारण नाही.

आता ठाण्यात काय पाहायचं ते बघू. सुरुवात स्टेशनापासूनच करू. भारतातली पहिली प्रवासी रेल्वे 16 एप्रिल 1853 रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून निघाली ती इथे, ठाण्याला आली. अंतर सुमारे 34 किलोमीटर. पुढच्याच वर्षी, 1854 मध्ये, रूळ खाडी ओलांडून कल्याणपर्यंत पोचले. आज आपण ज्या लोकलमध्ये भाजीची टोपली घेऊन चढतो, तिची ही सुरुवात.

स्टेशनाच्या पश्चिमेला उतरून चालत गेलं की जांभळी नाका लागतो. फुलं, भाजी, पूजेचं साहित्य, धान्य असा हा जुना बाजार. आपल्या गटांतल्या ज्या बायका पापड, मसाले किंवा रानभाज्या विकतात, त्यांनी इथे घाईने जाऊ नये. कोणता माल कसा मांडलाय, पाव किलोची जुडी कशी बांधलीय, पाकिटावर काय काय छापलंय, दर काय, हे नीट बघावं आणि वहीत टिपावं.

जवळच मासुंदा तलाव आहे. ठाणेकर त्याला तलावपाळी म्हणतात. ठाणं हे तलावांचं शहर म्हणून ओळखलं जातं, त्यातला हा सगळ्यांत गजबजलेला. काठावर बसायला जागा आहे, नावेत फिरता येतं. तलावाशेजारी कोपिनेश्वराचं मंदिर आहे. हे ठाण्याचं ग्रामदैवत. आतली शिवपिंडी बरीच मोठी आहे. मराठ्यांच्या काळात, 1760 च्या सुमारास, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी हे मंदिर बांधलं. श्रावणी सोमवारी इथे फार गर्दी असते, म्हणून म्हातारी माणसं बरोबर असतील तर तो दिवस टाळा. याच तलावाच्या काठी पोर्तुगीज काळापासूनचं ख्रिस्ती चर्चही आहे. एकाच तलावाच्या काठावर दोन काळ शेजारी उभे आहेत.

पुढे कोर्टनाक्याकडे या. कलेक्टर कचेरीला आलेल्या बायकांनी जेलची ती उंच दगडी भिंत पाहिलीच असेल. पण तो मुळात किल्ला आहे, हे किती जणींना माहीत आहे? पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला, 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकला, 1774 मध्ये इंग्रजांनी घेतला आणि पुढे त्याचा तुरुंग केला. 19 एप्रिल 1910 रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तीन क्रांतिकारकांना इथेच फाशी दिली. आत जाता येत नाही, पण बाहेर दोन मिनिटं थांबून मुलींना हे सांगता येतं.

भूक लागली तर मामलेदार कचेरीजवळची मिसळ प्रसिद्ध आहे. तिखट असते, लहान मुलांसाठी दही मागून घ्या. डबे आणले असतील तर तलावपाळीला बसून खा, पण कचरा आपल्या पिशवीत ठेवा.

ठाण्यात आणखी एक जागा बघण्यासारखी आहे, ती म्हणजे मराठी ग्रंथसंग्रहालय. 1893 साली सुरू झालेलं. गावात वाचनालय काढायचं म्हणणाऱ्या गटांनी तिथे जाऊन पुस्तकं कशी लावतात, वर्गणी कशी घेतात, हे जरूर विचारावं.

आता कल्याण. स्टेशनाबाहेरची गर्दी मागे टाकून पश्चिमेला पारनाक्याकडे गेलं की जुनं कल्याण सुरू होतं. अरुंद रस्ते, देवळं, मधूनच एखादा जुना वाडा. इथला सुभेदारवाडा प्रसिद्ध आहे. इथल्या सार्वजनिक गणेशोत्सवाला शंभराहून जास्त वर्षांची परंपरा आहे. कोपिनेश्वर बांधणारे रामाजी बिवलकर हेच कल्याणचे सुभेदार, म्हणजे सकाळी ठाण्यात ऐकलेलं नाव इथे पुन्हा भेटतं.

पण मैत्रिणींनो, कल्याणला आपण जायचं ते एका मुलीसाठी. 31 मार्च 1865 रोजी कल्याणात यमुना नावाची मुलगी जन्मली. नवव्या वर्षी लग्न झालं. चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि दहा दिवसांत गेलं. बाईच्या दुखण्याला बाई डॉक्टर हवी, हे तिच्या मनाने घेतलं. 1883 मध्ये ती बोटीने अमेरिकेला गेली आणि 1886 मध्ये डॉक्टर झाली. हीच आनंदीबाई जोशी. क्षयाने ती गेली तेव्हा तिला बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. आपल्या गटात आजही कुणाची लेक दहावीनंतर घरी बसवायचं बोलणं निघतं, कुणी अंगावर दुखणं काढते, कारण तपासायला पुरुष डॉक्टर आहे. त्या बायकांनी, आणि त्यांच्या लेकींनी, आनंदीबाई या गल्ल्यांमधलीच होती हे तिथे उभं राहून ऐकावं. पुस्तकातल्या धड्यापेक्षा ते जास्त लक्षात राहतं.

तिथून रिक्षाने दुर्गाडी किल्ल्यावर जा. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. मराठी आरमाराच्या सुरुवातीशी या खाडीचं नाव जोडलेलं आहे. वर दुर्गादेवीचं मंदिर आहे आणि ईदगाहही आहे. नवरात्रात मोठी जत्रा भरते. वरून खाडी छान दिसते.

फुलशेती करणाऱ्या गटांसाठी कल्याणच्या बाजार समितीचा फुलबाजार महत्त्वाचा. तो पहाटेचा असतो, त्यामुळे सहलीत न बसवता दोघी-तिघींनी वेगळं जाऊन बघावा. दसऱ्याच्या आधी गेलात तर झेंडूचा भाव कसा हलतो, ते कळेल.

डोंबिवलीला उतरायचं असेल तर पूर्वेला गणेश मंदिर आणि फडके रोड आहे. गुढीपाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रेची सुरुवात 1999 मध्ये याच गावातून झाली. आपल्या कामाची गोष्ट म्हणजे तिथली पोळीभाजी केंद्रं. नोकरी करणाऱ्या बायका संध्याकाळी स्टेशनावरून घरी जाताना तिथून पोळ्या, भाजी, उकडीचे मोदक नेतात. किती पोळ्यांचं पाकीट, काय दर, किती जणी लाटायला, हे बघून या. घरगुती कामातून धंदा कसा उभा राहतो, त्याचं हे चालतं-बोलतं प्रशिक्षण आहे.

आता नियोजन. एका दिवसात दोनच गावं करा, तिन्हींचा हट्ट नको. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, म्हणून मधला वार निवडा. सकाळी मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांना आणि संध्याकाळी उलट दिशेला कामावरच्यांची गर्दी असते. त्यामुळे दहानंतर निघा, आधी ठाणं करा, दुपारी कल्याणला या आणि पाचच्या आत परतीची गाडी धरा. लोकलच्या तिकिटावर मध्येच उतरून पुन्हा चढता येत नाही. गाव ते ठाणं, ठाणं ते कल्याण, कल्याण ते गाव अशी तीन तिकिटं काढा. एस.टी.ने येणाऱ्यांना बायकांसाठी मार्च 2023 पासून निम्मं भाडं आहे.

चार-चार जणींच्या तुकड्या करा आणि प्रत्येकीला प्रमुख नेमा. वाचता न येणाऱ्या बाईबरोबर वाचणारी हवी. चुकामूक झाली तर "तिकीट खिडकीपाशी थांबायचं" हे निघण्याआधीच ठरवा. घरचा फोन नंबर चिठ्ठीवर लिहून प्रत्येकीच्या पिशवीत ठेवा. रेल्वेत अडचण आली तर 139 लावा. शौचालय दिसलं की सगळ्यांनी जाऊन यायचं. लाजून दिवसभर पाणी न पिणं ही आपली सवय सोडा.

खर्चासाठी बचतीला हात लावू नका. प्रत्येकीने वेगळी वर्गणी काढा, हिशोब वहीत लिहा आणि पुढच्या बैठकीत वाचून दाखवा. घरी काय सांगायचं, हा प्रश्न नेहमी येतो. खरं तेच सांगा की आम्ही आमचं जिल्ह्याचं गाव बघायला चाललोय. सासूबाईंना बरोबर घेतलंत तर उत्तमच.

येत्या बैठकीत हा विषय जरूर काढा. कोण येणार, कधी जायचं, वर्गणी किती, एवढे तीन ठराव झाले की सहल झालीच समजा.