फळीला नवा रंग देताना कडा सांभाळा

पुणे-कोल्हापूर किंवा बेळगाव-सोलापूरकडून नोकरीसाठी बेंगळुरूला आलेली जोडपी पहिला संसार बहुधा भाड्याच्या घरात मांडतात. अकरा महिन्यांचा करार आणि घरमालकाकडे अडकलेली भलीमोठी अनामत. अशा वेळी सागवानी कपाटाचा विचार कोण करणार? मग पार्टिकल बोर्डचे पुस्तकांचे कपाट, एमडीएफचे मुलाचे टेबल असे सामान घरात येते. जून २०२२ मध्ये नागसंद्रा येथे आयकियाचे दुकान सुरू झाले आणि स्वतः जोडायच्या फर्निचरची आणखी एक सोय झाली. दोन-चार वर्षांत त्याच्या कडांची पट्टी सुटते, रंग विटतो आणि घर बदलताना ते भंगारात निघते. खरे तर दोन सुट्ट्यांच्या मेहनतीत त्याचे रूप पालटता येते.

मात्र लाकूड रंगवावे तसे हे रंगवून चालत नाही. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा, कधी उसाची चिपाडे, कृत्रिम चिकट द्रव्यात घोळून दाबलेली फळी. एमडीएफमध्ये चुऱ्याऐवजी लाकडाचे बारीक तंतू असतात. वरचा गुळगुळीत थर रंग धरत नाही आणि उघडी कड मात्र पाणी बिस्किटासारखी शोषते. एकदा फुगलेली फळी पुन्हा बसत नाही, म्हणून सिंकखालचे फुगलेले कपाट रंगवण्यात पैसे घालू नका.

आधी मुठी, बिजागऱ्या काढा. सैल झालेल्या स्क्रूच्या भोकात फेविकॉल लावलेल्या काडेपेटीच्या काड्या ठोकून वाळू द्या. मधोमध वाकलेला फळा उलटा करून बसवा. रंगाने त्याला ताकद येणार नाही. तेलकटपणा ओलसर फडक्याने पुसा, पाणी ओतू नका. मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत हलकेच घासा. हे काम गॅलरीत, नाकावर मास्क लावून करा. एमडीएफची धूळ फार बारीक असते.

जुन्या बाजारातून आणलेली, आधीच रंगवलेली वस्तू असेल तर जपून. आपल्याकडे नव्या घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हे बंधन नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीचा रंग घासला तर शिशाची धूळ घरभर होऊ शकते, आणि रांगते मूल ती हाताने तोंडात घालते. लहान मुलाचा असा पलंग फुकट मिळाला तरी घेऊ नये.

खरी कसोटी कडांची. उघड्या कडेवर पाण्याचा प्रायमर थेट लावला की ती खरखरीत होऊन फुगते. तेथे तेलाचा प्रायमर किंवा स्पिरिटमध्ये विरघळवलेली, मेण काढलेली चपडी लावा. चपडी म्हणजे फ्रेंच पॉलिशची लाख. ती गुळगुळीत थरालाही छान धरते आणि लवकर वाळते. स्पिरिट पेट घेते, त्यामुळे जवळपास गॅस किंवा देवापुढचा दिवा नको. वाळल्यावर खळग्यांत लांबी भरा, घासा आणि कडांना आणखी एक हात द्या. कडांबरोबर पाठीमागची कच्ची बाजूही बंद केली की फळीतून निघणारा फॉर्मल्डिहाइडचा उग्र वायूही कमी होतो. रंगारी एवढ्या खोलात सहसा जात नाहीत. घरच्या माणसाला ते जमते.

नंतर सगळीकडे प्रायमरचा एक हात आणि रंगाचे दोन पातळ हात द्या. फोमच्या लहान रोलरने ब्रशचे ओरखडे उमटत नाहीत. पांढरा रंग हवा असेल तर पाण्याचा इनॅमल निवडा. तेलाचा पांढरा रंग खणाच्या आतल्या अंधारात पिवळट पडतो. हे सगळे सामान एस.जे.पी. रोडच्या हार्डवेअर बाजारात मिळते.

बेंगळुरूत या कामाला जानेवारी ते मार्च हे महिने उत्तम. मे महिन्यात वळवाच्या सरी येतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तर पाऊस धो धो कोसळतो. मग हात वाळता वाळत नाही. कोरड्या दिवसांतही रंग हाताला वाळलेला लागला, तरी आतून घट्ट व्हायला दोन-तीन आठवडे घेतो. तोवर फळ्यांवर जड पुस्तके रचू नका, आणि सवयीने वर्तमानपत्रही अंथरू नका. ते चिकटले की अक्षरांसकट रंगावर उमटते.