एकाच जातीचे तीन रंग

मराठी शेती-परिभाषेत ‘कोळी’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या जीवांसाठी वापरला जातो. पिकाचा रस शोषणारा लाल कोळी ही कीड, तर किडींना भक्ष्य करणारा, रेशीम विणणारा कोळी हा शेतकऱ्याचा मित्र. येथे विचार दुसऱ्याचा आहे, आणि त्यातही एका जुन्या प्रश्नाचा : एकाच जातीत अनेक रंग पिढ्यानपिढ्या कसे टिकून राहतात?

युरोपात शेताच्या कडेच्या झुडपांवर एनोप्लोग्नाथा ओव्हाटा हा जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबीचा कोळी विपुल आढळतो. उन्हाळ्यात मादी रेशमाने पान गुंडाळून त्यात अंड्यांची निळसर पिशवी राखत बसते. काही माद्यांचे उदर फिकट पिवळे असते, काहींच्या पिवळ्या उदरावर दोन लाल पट्टे असतात, तर काहींचे उदर वरून सरसकट लाल असते. हा भेद इतका ठळक की स्वीडनच्या कार्ल क्लर्क यांनी १७५७ मध्ये या रूपांना स्वतंत्र जाती मानून वेगवेगळी नावे दिली.

वस्तुतः हा सारा खेळ मुख्यतः एका जनुकाच्या पर्यायी रूपांचा आहे. पिवळा रंग अप्रभावी, तरीही बहुतेक ठिकाणी पिवळेच कोळी सर्वाधिक असतात. अप्रभावी म्हणजे दुर्मीळ, हा प्रचलित समज येथे पार खोटा ठरतो. पिल्ले तर सगळीच पिवळी असतात. लाल रंग वाढीच्या उत्तरार्धात उमटतो.

लहान वस्तीत कोणती जनुके पुढच्या पिढीत जातील हे पुष्कळ अंशी योगायोगावर ठरते. या जनुकीय विचलनाला मोकळे रान मिळाले, तर कालांतराने एकच रंग उरावा. तसे होत नाही. यॉर्क विद्यापीठाचे जेफ्री ऑक्सफर्ड यांनी उत्तर इंग्लंडमधील वस्त्यांचा अनेक वर्षे मागोवा घेऊन २००५ मध्ये जे स्पष्टीकरण मांडले, ते विचारात घेण्याजोगे आहे. रंगांचे प्रमाण मधल्या पट्ट्यात असते तोवर ते योगायोगाने वरखाली होते, आणि शेजारच्या वस्त्यांतही त्यामुळे विनाकारण फरक दिसतो. मात्र एखादे रूप फारच विरळ होऊ लागले की नैसर्गिक निवड त्याला सावरते. नदी दोन काठांमध्ये स्वैर वाहावी, पण काठ ओलांडू नये, तसे हे आहे.

विरळ रूपाला लाभ का व्हावा? पक्ष्यासारखा भक्षक नेहमी दिसणाऱ्या रंगाची ओळख मनात धरून शोध घेतो, अनोळखी रंग त्याच्या नजरेतून निसटतो, असे एक उत्तर आहे. तर्क सुबक आहे. परंतु शेतात, झुडपांत प्रत्यक्ष प्रयोगांनी तो सिद्ध करणे कठीण गेले आहे.

निवडीच्या बाजूने अधिक भक्कम साक्ष हवाई बेटांवरून येते. तेथील थेरिडियन ग्रॅलेटर या कोळ्याच्या उदरावर कधीकधी हसऱ्या चेहऱ्यासारखी नक्षी असते, आणि त्याची वीसहून अधिक रूपे आहेत. रोझमेरी गिलेस्पी व ऑक्सफर्ड यांना आढळले की माउई बेटावर रंग एका जनुकस्थानावरून ठरतो. हवाई या मोठ्या बेटावर मात्र दोन स्थाने गुंतलेली दिसतात आणि नर-मादीनुसारही रूप बदलते. यंत्रणा वेगळ्या, पण दोन्हीकडे साधा पिवळा रंगच बहुसंख्य आणि नक्षीदार रूपे विरळ. केवळ योगायोगाने असे जुळून येणे अवघड आहे.

बांधावरील मित्रजीवांची मोजणी करणाऱ्यांना क्लर्क यांची चूक आजही सहज घडू शकते. रंग पाहून नोंदी केल्यास एकाच जातीच्या तीन जाती होतात; ओळख पटवण्यासाठी प्रौढ नमुन्याची जननेंद्रियेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात.