पाळणाघर : कुटुंबाचा खर्च की उद्योगनगरीची गरज?

१९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील उद्योग स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डी येथील माळरानांवर कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. पुढे हा विस्तार खेड तालुक्यात पोहोचला आणि कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले चाकण मोटारींचे व त्यांच्या सुट्या भागांचे मोठे केंद्र बनले. या वाटचालीत जमीन, रस्ते, पाणी व वीज यांसाठी शासनाने पुढाकार घेतला. उद्योग उभा राहावयाचा तर या सोयी सार्वजनिक यंत्रणेनेच करावयास हव्यात, याविषयी फारसे दुमत नव्हते. कारखान्यात काम करणाऱ्या आईचे मूल दिवसभर कोठे राहावे, हा प्रश्न मात्र कुटुंबाची खाजगी बाब म्हणून बाजूस पडला. पाळणाघराच्या खर्चाचा काही भाग शासनाने उचलावा काय, याचा विचार या पार्श्वभूमीवर करणे उचित ठरेल.

एका खोलीचे घर व आठ तासांची पाळी

महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी या गावांतील भाड्याच्या खोल्यांतून मराठवाडा, विदर्भ तसेच उत्तर भारतातून आलेली असंख्य कुटुंबे राहतात. मुलांची आजी गावीच राहिलेली असते. पती-पत्नी दोघेही कामावर जात असल्यास लहान मुलाची व्यवस्था चारपैकी एका मार्गाने होते : मूल शेजारणीकडे पैसे देऊन ठेवले जाते, गावी पाठविले जाते, थोरल्या बहिणीच्या स्वाधीन केले जाते, अथवा आई नोकरी सोडते. यांपैकी तिसरा मार्ग शिक्षकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. हजेरीपटावर चौथी-पाचवीतील मुलीच्या नावापुढे वारंवार गैरहजेरी लागते, तेव्हा तिच्या कडेवर बहुधा धाकटे भावंड असते.

आईने नोकरी सोडण्यामागील हिशेब साधा असतो. उदाहरणादाखल, तिचे वेतन दरमहा १२,००० रुपये, पाळणाघराचे शुल्क ३,५०० रुपये व प्रवासखर्च १,००० रुपये धरल्यास हाती ७,५०० रुपये उरतात. दुसरे मूल असेल तर ही रक्कम ४,००० रुपयांवर येते. एवढ्यासाठी पहाटे उठून पहिल्या पाळीला जाण्यात कुटुंबास अर्थ वाटत नाही. दोन-तीन वर्षे काम सुटले की अंगचे कौशल्य व नोकरीतील ज्येष्ठता दोन्ही जातात, आणि ही हानी पुढे भरून निघणे कठीण होते.

कायद्याची वाटचाल

या प्रश्नाची दखल कायद्याने फार पूर्वी घेतली. १९४८ च्या कारखाना अधिनियमातील कलम ४८ अन्वये पन्नासाहून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची खोली ठेवणे बंधनकारक झाले. १९७६ च्या दुरुस्तीने ही मर्यादा तीसवर आणली. हेतू चांगला होता. परंतु बंधन स्त्रियांच्या संख्येशी जोडल्यामुळे स्त्री कामगारांची संख्या मर्यादेच्या आतच ठेवण्याचा मोह मालकांस होऊ शकत होता. २०१७ मध्ये प्रसूती लाभ अधिनियमात दुरुस्ती होऊन पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर, ते कर्मचारी पुरुष असोत वा स्त्रिया, पाळणाघराची जबाबदारी टाकण्यात आली. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभाही मिळाली. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या कामगार संहितांनी हेच तत्त्व पुढे नेले असून, अनेक आस्थापनांनी एकत्र येऊन सामायिक पाळणाघर चालविण्यास, अथवा शासन, नगरपालिका वा स्वयंसेवी संस्थेच्या पाळणाघराचा लाभ घेण्यास वाव दिला आहे.

तरीही या तरतुदींच्या कक्षेबाहेर मोठा वर्ग राहतो. भोसरी, तळवडे, चिखली येथील दहा-वीस कामगारांचे लघुउद्योग, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, भाजी विकणाऱ्या स्त्रिया व रोजंदारीवरील मजूर यांना पन्नास कर्मचाऱ्यांच्या नियमाचा उपयोग नाही. ज्यांना पाळणाघराची निकड अधिक, त्यांच्यापर्यंतच कायदा पोहोचत नाही. सार्वजनिक साहाय्याची खरी आवश्यकता येथे आहे.

शासकीय योजना व त्यांतील उणीव

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणवाडी गावोगावी पोहोचली. पोषण, लसीकरण व पूर्वप्राथमिक शिक्षण या बाबतींत तिचे कार्य मोलाचे आहे. तथापि अंगणवाडी दिवसातील काही तासच चालते. कारखान्याची पाळी आठ तासांची असून जाण्यायेण्याचा वेळ त्यात वेगळाच. अंगणवाडी सुटल्यानंतर मूल कोणाच्या हवाली करावे, हा प्रश्न कायम राहतो.

काम करणाऱ्या मातांच्या मुलांसाठी केंद्र शासनाने २००६ मध्ये राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना सुरू केली. २०१७ मध्ये तिचे राष्ट्रीय पाळणाघर योजनेत रूपांतर होऊन खर्चाची विभागणी केंद्र ६०, राज्य ३० व स्वयंसेवी संस्था १० टक्के अशी ठरली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी प्रत्येक मुलामागे मासिक शुल्क केवळ २० रुपये होते. परंतु केंद्राचा वाटा पूर्वीच्या ९० टक्क्यांवरून कमी झाला आणि देशातील अशा पाळणाघरांची संख्या घटत गेली. अनुदान अपुरे वा अनियमित झाले की पहिली झळ सेविकेच्या मानधनास लागते, आणि अनुभवी सेविका गेली की पाळणाघर नावापुरते उरते. २०२२ पासून ‘मिशन शक्ती’ अंतर्गत ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच जोडून पूर्ण वेळ पाळणाघर चालविण्याची कल्पना स्वीकारण्यात आली आहे.

महाराष्ट्रास ही कल्पना नवी नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर उभारलेल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच छत्राखाली होत्या. धाकटे भावंड सांभाळण्यासाठी मुलीची शाळा बुडू नये, हा त्यामागील व्यवहारी विचार होता. बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत ‘मोबाईल क्रेशेस’चे कार्य आरंभिले, त्याचा विस्तार पुढे पुण्यापर्यंत झाला. येथे बांधकाम व्यावसायिकाने जागा व खर्चाचा काही वाटा द्यावयाचा आणि संस्थेने प्रशिक्षित सेविका पुरवावयाच्या, अशी पद्धत रूढ झाली.

आक्षेपांचा विचार

मूल सांभाळणे हे कुटुंबाचे कर्तव्य असून त्याचा भार करदात्यांवर का, असा आक्षेप घेतला जातो. कर्तव्य कुटुंबाचेच आहे, यात वाद नाही. परंतु सहा वर्षांखालील मुलाचे कुपोषण, थोरल्या बहिणीचे सुटलेले शिक्षण व कुशल कामगार स्त्रीचे थांबलेले उत्पन्न यांची किंमत शेवटी समाजच मोजतो. मूल घरीच अधिक सुरक्षित असते, हा दुसरा आक्षेप जेथे घरी सांभाळणारे कोणी आहे तेथे रास्त ठरतो; कुलूपबंद खोलीत वा आठ वर्षांच्या मुलीच्या हाती ठेवलेल्या बाळास तो लागू पडत नाही.

तिसरा आक्षेप दर्जाविषयीचा असून तो गांभीर्याने घेतला पाहिजे. कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलर शुल्काची अनुदानित बालसंगोपन सेवा सुरू केली. नोकरी करणाऱ्या मातांचे प्रमाण त्यामुळे वाढले. मात्र काही अभ्यासकांना मुलांच्या वर्तनावर प्रतिकूल परिणामही आढळले. सेवा स्वस्त करणे पुरेसे नाही, ती चांगलीही असावी लागते, हा यातील धडा होय.

अनुदान कसे असावे?

या सर्व बाबींचा विचार करता शासनाने खर्चाचा वाटा उचलणे समर्थनीय ठरते. मात्र अनुदान तीन अटींशी बांधलेले असावे. पाळणाघराची वेळ कारखान्याच्या पाळीशी जुळावी; सेविकेचे प्रशिक्षण, मानधन व मुलांमागे सेविकांची संख्या यांत तडजोड होऊ नये; आणि शुल्क उत्पन्नानुसार असावे, म्हणजे ज्याची ऐपत आहे त्याने अधिक द्यावे. मोठ्या आस्थापनांची कायदेशीर जबाबदारी मात्र अनुदानामुळे कमी होता कामा नये. त्यांचा वाटा सामायिक पाळणाघरात आल्यास शेजारच्या लघुउद्योगांतील स्त्रियांनाही त्याचा लाभ देता येईल.

ग्रामपंचायतींना या कामी बरेच करता येण्यासारखे आहे. स्वतःच्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाचा असतो. या निधीचा विनियोग ठरविताना गावातील भाड्याच्या खोल्यांत सहा वर्षांखालील मुले किती व त्यांच्या माता कोणत्या पाळीला जातात, एवढी पाहणी केली तरी पाळणाघर कोठे व किती वेळ चालवावे हे स्पष्ट होईल. या कामात अंगणवाडी सेविकेची नोंदवही व शाळेचा हजेरीपट यांचा मोठा आधार मिळेल. भावंड सांभाळण्यासाठी घरी राहिलेली मुलगी पुन्हा वर्गात दिसू लागली, तर त्या अनुदानाचे चीज झाले असे समजावे.