मार्च २०२४ ची नवी गाणी आणि बॅन्जोचे मूळ घर

जयंतीच्या मिरवणुकीत बॅन्जो पार्टीमागे नाचला नाही असा तरुण आपल्या वस्त्यांत सापडणे कठीण. पण आपण ज्याला बॅन्जो म्हणतो ते वाद्य वास्तविक बुलबुल तरंग. खरा बॅन्जो वेगळा. भोपळ्यावर कातडे ताणायचे, त्याला दांडी लावून तारा चढवायच्या, ही त्याची मूळ घडण. आपल्या शाहिरांचे तुणतुणे ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना ती चटकन समजेल. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून पकडून नेलेल्या माणसांनी या वाद्याची आठवण सोबत नेली व अमेरिकेच्या मळ्यांत ते नव्याने घडविले. पुढे गोऱ्यांनी ते उचलले आणि ‘कंट्री’ नावाचे तिकडच्या खेड्यापाड्यांचे संगीत म्हणजे गोऱ्यांचीच मिरास, अशी समजूत रुजली. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत निघालेल्या गाण्यांविषयी लिहिताना बॅन्जोपासून सुरुवात करावी लागते ती यासाठी.

त्या महिन्याच्या २९ तारखेला बियॉन्से या कृष्णवर्णीय गायिकेचा ‘काउबॉय कार्टर’ हा संग्रह निघाला. बाई टेक्सासच्या ह्यूस्टन शहरातल्या. २०१६ मध्ये कंट्री संगीताच्या पुरस्कार सोहळ्यात त्या गायल्या, तेव्हा ‘ही इथे कशाला?’ असा गलका झाला होता. आपले स्वागत झाले नाही अशा एका अनुभवातून हा संग्रह जन्मला, असे त्यांनीच पुढे सांगितले. त्यातील ‘टेक्सास होल्ड एम’ हे गाणे फेब्रुवारीतच बाहेर आले. ओक्लाहोमातील एका कंट्री रेडिओ केंद्राने ते लावायला आधी नकार दिला. श्रोत्यांच्या पत्रांचा पाऊस पडल्यावर लावले. त्याच गाण्याने कंट्री गाण्यांच्या यादीत पहिला क्रमांक पटकावला. कृष्णवर्णीय स्त्रीने तिथवर पोचण्याची ती पहिलीच वेळ. गाण्यात बॅन्जो वाजविला आहे ऱ्हिआनन गिडन्स यांनी. हे वाद्य मूळचे कोणाचे, हे त्या वर्षानुवर्षे गाऊन-वाजवून सांगत आल्या आहेत.

संग्रहात एक म्हातारा आवाज बोलताना ऐकू येतो. तो लिंडा मार्टेल यांचा. १९६९ मध्ये ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्रीच्या मानाच्या रंगमंचावर एकटीने गाणारी ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री. १९७० मध्ये त्यांचा एकच संग्रह निघाला. तो काढणाऱ्या कंपनीचे नाव काय असावे? ‘प्लँटेशन’! म्हणजे गुलाम राबविणारा मळा. पुढे त्यांचे नाव मागे पडले. बियॉन्से यांनी त्यांना सन्मानाने पुन्हा माइकसमोर आणले.

बीटल्सचे ‘ब्लॅकबर्ड’ही येथे आहे. १९५७ मध्ये लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना गोऱ्यांच्या शाळेत पाऊल टाकण्यासाठी लष्कराचे संरक्षण घ्यावे लागले होते. त्या काळातील कृष्णवर्णीय मुली मनात ठेवून हे गीत रचले, असे पॉल मॅकार्टनी सांगतात. बियॉन्से ते चार तरुण कृष्णवर्णीय गायिकांना सोबत घेऊन गातात. सबंध संग्रहात हेच आम्हाला सर्वांत भावले. बाकी सत्तावीस तुकडे म्हणजे जरा लांबणच. आणि डॉली पार्टन यांच्या ‘जोलीन’मधील विनवणीची धमकी केली, ते काही रुचले नाही. मूळ गाण्याची सर त्याला नाही.

त्याच कंट्री संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये नामांकने जाहीर केली, त्यांत या संग्रहाला एकही नव्हते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मात्र ग्रॅमी पुरस्कारांत वर्षातील सर्वोत्तम संग्रह हाच ठरला, आणि सर्वोत्तम कंट्री संग्रहही हाच.

आता ‘इंडी’, म्हणजे बड्या कंपन्यांच्या सावलीबाहेरचे संगीत. २२ मार्चला दोन चांगले संग्रह आले. अलाबामाच्या केटी क्रचफील्ड ‘वॉक्सहॅची’ या नावाने गातात; घराजवळच्या ओढ्याचे ते नाव. त्यांच्या ‘टायगर्स ब्लड’मध्येही बॅन्जो आहे. ‘राइट बॅक टू इट’ हे गाणे दमूनभागून आल्यावर ऐकावे असे, सावकाश. एड्रिअन लेंकर यांचा ‘ब्राइट फ्युचर’ रानातल्या स्टुडिओत जुन्या पद्धतीने टेपवर मुद्रित झाला आहे. पहिल्या गाण्यात आईच्या आठवणी आहेत. इंग्रजी थोडे कळत असेल तरी ते पोचते.

फिलाडेल्फियाच्या टिएरा व्हॅक यांचा ‘वर्ल्ड वाइड व्हॅक’ १५ मार्चचा. २०१८ मध्ये त्यांनी एकेका मिनिटाची पंधरा गाणी देऊन गंमत केली होती. या वेळीही रंगीबेरंगी सोंग आहे, पण आत ‘ट्वेंटी सेव्हन क्लब’ नावाचे गाणे आहे, जीव नकोसा होण्याविषयीचे. कृष्णवर्णीय मुलीने हे इतके उघड गावे, याचे मोल आहे. घरातला मुलगा वा मुलगी ते पुन्हापुन्हा लावत असेल, तर आवाज कमी कर म्हणून ओरडू नये. जवळ बसून एकदा पूर्ण ऐकावे आणि मग त्यांच्याशी बोलावे.