जन्मतारीख आणि उंचीची पट्टी

आइस हॉकीतल्या दोन मुलांपैकी उजवा कोण, हे ठरवताना आपण आधी गोल मोजतो. कॅनडात मुलाला रिंकवर नेणारे मराठी आईवडीलही हाच हिशेब करतात. त्याआधी दोघांच्या जन्मतारखा लिहून घ्या.

नुसतं वर्ष पुरत नाही. कॅनडात वयोगट 1 जानेवारीपासून मोजतात. म्हणजे 2 जानेवारीचा आणि 30 डिसेंबरचा मुलगा एकाच गटात. वरच्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचीच गर्दी असते, हे मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांनी 1980च्या दशकातच दाखवून दिलं.

दुसरी रेघ ड्राफ्टची. एनएचएल या व्यावसायिक लीगचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, तो ड्राफ्ट. त्यासाठी त्या वर्षीच्या 15 सप्टेंबरपर्यंत 18 वर्षं पूर्ण लागतात. हॉकीपटू ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म 17 सप्टेंबर 1997चा. दोन दिवसांनी 2015चा ड्राफ्ट हुकला. मधला हंगाम तो झुरिकला मोठ्या माणसांत खेळला आणि 2016 साली पहिला निवडला गेला. दुसरा आलेला पॅट्रिक लाइने त्याच्याहून सात महिन्यांनी लहान! म्हणून वय वर्षं-महिन्यांत लिहा आणि एकूण गुणांऐवजी (म्हणजे गोल अधिक गोलला केलेली मदत) दर सामन्यामागचे गुण बघा.

आता शरीर. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. तारखेचं वय वेगळं, शरीराचं वेगळं. मुलग्यांची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती सरासरी 14व्या वर्षाच्या आसपास. कुणाची 12व्या, कुणाची 16व्या वर्षी. जानेवारीचा मुलगाही उशिरा वाढणारा असू शकतो.

दर तीन महिन्यांनी, शक्यतो सकाळी, अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून उंची घ्या. मग स्टुलावर ताठ बसवून स्टुलापासून डोक्यापर्यंत मोजा. पाय आधी लांबतात, धड मागून वाढतं. त्यामुळे वाढ कुठवर आली याचा अंदाज येतो. आईवडिलांची उंचीही टिपा, पूर्ण वाढल्यावरच्या उंचीचा अदमास त्यावरून निघतो. तो अदमासच, काही सेंटिमीटर इकडेतिकडे होणारच.

आता खेळ बघा. कठड्याशी पकसाठी, म्हणजे त्या रबरी चकतीसाठी, झोंबाझोंबी होते तेव्हा थोराड मुलगा नुसत्या वजनावर जिंकतो. दोन वर्षांत ते वजन बाकीच्यांनाही येतं. त्याच्यासमोरचा किरकोळ मुलगा चकती येण्याआधी मान वळवून मागे बघतो का, तिकडे लक्ष ठेवा. ही नजर वजनाने येत नाही. भराभर उंची वाढण्याच्या दिवसांत चांगला स्केटरही अडखळतो, तेवढ्यावरून त्याला मोडीत काढू नका.

कुणाचं नाव यादीतून खोडायची वेळ आलीच, तर त्याआधी आणखी दोन मोजण्या होऊ द्या.