दुचाकीचे जादा दिवे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दुचाकीच्या दिव्यांना दोन कामे असतात: चालकाला रस्ता दाखवणे आणि इतरांना दुचाकी दाखवणे. जादा दिवे विकत घेताना बहुतेकांच्या डोक्यात पहिले काम असते, अपघातांच्या नोंदी मात्र दुसऱ्याचे महत्त्व सांगतात. भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवर होती. अमेरिकेत १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हर्ट अहवाला’साठी लॉस एंजेलिस परिसरातील ९०० हून अधिक मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी झाली होती. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी जवळपास दोन तृतीयांश टकरींत त्या वाहनाने मोटरसायकलचा रस्त्यावरचा हक्क डावलला होता. ‘ती दिसलीच नाही’ किंवा ‘दिसली तेव्हा उशीर झाला होता’ हे त्यामागचे नेहमीचे कारण. युरोपातील पाच देशांत १९९९ ते २००१ या काळात ९२१ अपघातांचा ‘मेड्स’ हा अभ्यास झाला. त्यातही समोरच्या चालकाच्या चुकांत दुचाकी न हेरता येण्याच्या चुकीचा वाटा ७० टक्क्यांहून अधिक निघाला.

दुचाकी ‘दिसणे’ ही एकच क्रिया नाही. ती आधी नजरेत भरावी लागते, मग दुचाकी म्हणून ओळखू यावी लागते आणि शेवटी तिचे अंतर व वेग यांचा अंदाज यावा लागतो. दिव्यांबद्दलचे बरेचसे गैरसमज या तीन पायऱ्यांची गल्लत केल्याने होतात.

गैरसमज: दिवसा हेडलाइट चालू ठेवणे म्हणजे बॅटरी आणि पेट्रोलची नासाडी.

वस्तुस्थिती: भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिन सुरू होताच आपोआप लागणारा हेडलाइट किंवा त्याऐवजी दिवसा जळणारा खास दिवा सक्तीचा झाला. त्यानंतर कितीतरी दिवस समोरून येणारे लोक बोटांची उघडझाप करून ‘लाईट चालू आहे’ असे खुणावत राहिले. इंजिन चालू असताना ही वीज मॅग्नेटो पुरवतो आणि बॅटरीही तोच चार्ज करतो, त्यामुळे केवळ हेडलाइटमुळे बॅटरी उतरत नाही. लहान दुचाकींतला हॅलोजन बल्ब साधारण ३५ वॉटचा असतो. इंजिनाच्या काही हजार वॉटच्या ताकदीपुढे हा भार नगण्य आहे.

फायदा मात्र मोजता आला आहे. मलेशियाने १९९२ मध्ये मोटरसायकलींना दिवसा हेडलाइट सक्तीचा केला. पुढे सेरेम्बान आणि शाह आलम या शहरांतील आकडेवारी तपासली, तेव्हा न दिसल्यामुळे होणारे अपघात सुमारे २९ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या अभ्यासात दिवसा हेडलाइट चालू ठेवणाऱ्यांची अपघातात जखमी होण्याची जोखीम २७ टक्क्यांनी कमी निघाली.

गैरसमज: प्रकाश जितका जास्त, तितकी दुचाकी चांगली दिसते.

वस्तुस्थिती: डोळा प्रकाशाच्या प्रमाणापेक्षा पार्श्वभूमीशी असलेला फरक टिपतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, अमेरिकी नौदलाने याचा उलटा उपयोग करून पाहिला. ‘येहुदी’ या प्रकल्पात अ‍ॅव्हेंजर विमानाच्या पुढच्या बाजूस दिवे लावले आणि त्यांची प्रखरता मागच्या आकाशाइतकी ठेवली. त्यामुळे विमानाची काळी आकृती आकाशात विरघळली आणि ते फार जवळ येईपर्यंत दिसेनासे झाले. उजळ पार्श्वभूमीवर लावलेला दिवा वस्तू लपवूही शकतो, हे त्यातून दिसले.

रात्री अडचण वेगळी असते. प्रखर दिव्याने समोरच्याचे डोळे दिपतात. त्याला प्रकाशाचा गोळा दिसतो, पण त्यामागचे वाहन, त्याची रुंदी आणि रस्त्याची कडा दिसत नाही. दिवा निघून गेल्यावरही नजर पुन्हा सरावायला काही सेकंद जातात. अप्परवर गाडी चालवणे हा याच चुकीचा रोजचा नमुना आहे. नजरेत भरण्याची पहिली पायरी त्याने साधते, उरलेल्या दोन्ही हुकतात.

गैरसमज: एक मोठा दिवा पुरतो, बाजूचे लहान दिवे निव्वळ शोभेचे.

वस्तुस्थिती: जवळ येणाऱ्या वस्तूचा वेग माणूस तिचा आकार किती झपाट्याने वाढतो त्यावरून ताडतो. लहान वस्तूच्या बाबतीत ही वाढ लवकर जाणवत नाही. म्हणून एकाच अंतरावरून, एकाच वेगाने मोटार आणि मोटरसायकल येत असतील, तर मोटरसायकल उशिरा पोहोचेल असे पाहणाऱ्याला वाटते. चौकात उजवीकडे वळणारा मोटारचालक ‘अजून वेळ आहे’ म्हणून गाडी पुढे काढतो, त्यामागे अनेकदा हाच भ्रम असतो.

अंधारात हा भ्रम बळावतो, कारण दुचाकीची आकृती नाहीशी होऊन एक ठिपका उरतो. पंधरा सेंटिमीटर रुंदीच्या हेडलाइटपेक्षा एकमेकांपासून साठ सेंटिमीटरवर लावलेले दोन दिवे समोरच्याच्या डोळ्यात चौपट मोठा कोन व्यापतात. गाडी जवळ येताना हे दिवे एकमेकांपासून दूर सरकताना दिसतात आणि वेगाचा अंदाज येतो. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील संशोधकांनी २०१२ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. प्रकाश कमी होत गेला तसा एकाच दिव्याच्या मोटरसायकलचा वेग ओळखणे लोकांना अवघड झाले. हेडलाइटला बाजूच्या दोन दिव्यांची जोड देऊन त्रिकोण केल्यावर अंदाज सुधारले.

इथे मांडणी महत्त्वाची. हेडलाइट बंद ठेवून शेजारी-शेजारी दोनच दिवे लावले, तर ते दूरवरच्या मोटारीचे दिवे वाटू शकतात. हेडलाइट वर आणि जादा दिवे लेग गार्डवर, खाली व बाहेरच्या बाजूला, असा त्रिकोण दुचाकीची ओळख पटवतो. हँडलवर हेडलाइटला चिकटून बसवलेले दिवे दुरून एकाच ठिपक्यात मिसळतात, मग ते कितीही महाग असोत.

गैरसमज: हॅलोजन बल्ब काढून एलईडी बल्ब घातला की प्रकाश सुधारतो.

वस्तुस्थिती: हेडलाइटचा परावर्तक एका ठरावीक जागी असलेल्या तारेसाठी घडवलेला असतो. एच-४ प्रकारच्या बल्बमध्ये दोन तारा असतात आणि डिप्परच्या तारेखाली धातूची छोटी आडपट्टी असते. तिच्यामुळेच डिप्परचा झोत वरच्या बाजूला कापला जातो. बदली एलईडीची प्रकाश देणारी जागा त्या तारेशी तंतोतंत जुळली नाही, तर प्रकाश भलतीकडे उधळतो. चालकाला जवळचा रस्ता पांढराशुभ्र दिसतो म्हणून समाधान वाटते, पण लांबचा उजेड कमी होतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. एलईडीसाठीच बनवलेल्या पूर्ण दिव्याला हा दोष लागू होत नाही.

गैरसमज: पिवळा प्रकाश धुके भेदून जातो.

वस्तुस्थिती: धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कित्येक पट मोठे असतात. एवढे मोठे थेंब सर्व रंगांचा प्रकाश जवळपास सारखाच विखुरतात. पिवळ्या दिव्यांबद्दलची समजूत जुनी आहे. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत गाड्यांचे हेडलाइट पिवळेच असावेत असा नियम होता. पण फॉग लॅम्पचा खरा गुण त्याच्या जागेत आणि झोतात असतो. तो खाली बसवतात आणि त्याचा झोत आडवा, रुंद व वरून कापलेला असतो. त्यामुळे चालकाच्या नजरेसमोरचे धुके उजळत नाही. पावसाळ्यात आंबोली किंवा माळशेज घाटात अप्पर लावल्यावर समोर पांढरी भिंत उभी राहते, ती प्रकाश धुक्यावरून परत फिरल्यामुळे. पिवळ्या दिव्याचा एक उपयोग मात्र आहे. पांढऱ्या दिव्यांच्या गर्दीत तो वेगळा उठून दिसतो.

गैरसमज: लुकलुकणारे आणि रंगीत दिवे सर्वांत सुरक्षित.

वस्तुस्थिती: उघडझाप करणारा दिवा लक्ष वेधतो, पण त्याचे अंतर आणि वेग नजरेला पकडणे कठीण जाते, शिवाय वळणाचा इशारा त्यात हरवतो. लाल-निळे लुकलुकणारे दिवे पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका यांची ओळख आहेत. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचा लाल दिवाही गेला, तेव्हा खासगी दुचाकीला त्याची मुभा असण्याचा प्रश्नच नाही. पुढे लाल दिवा लावणे आणि मागे इशारे, नंबरप्लेटचा दिवा असे ठरलेले अपवाद सोडून लालव्यतिरिक्त दिवा लावणे, दोन्हींना केंद्रीय मोटार वाहन नियमांत मनाई आहे.

गैरसमज: जादा दिवे कसेही लावले तरी कायद्याला हरकत नाही.

वस्तुस्थिती: याच नियमांतील १०६ व्या नियमानुसार पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली झुकलेला हवा. दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला तो दिपवता कामा नये. समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे जवळपास तिथेच असतात. नियम १११ पुढच्या बाजूला स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट बसवायला मनाई करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत मालकाला मनमानी बदल करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. म्हणून उत्पादकाने त्या मॉडेलसाठी दिलेले दिवे हा सर्वांत निर्धोक मार्ग.

गैरसमज: दोन वायरी जोडल्या की काम झाले.

वस्तुस्थिती: ४० वॉटची दिव्यांची जोडी १२ व्होल्टवर सुमारे ३.३ अँपिअर प्रवाह ओढते. हा भार थेट हेडलाइटच्या वायरीतून घेतला, तर मूळ स्विच व जोड तापतात. बॅटरीपासून स्वतंत्र वायर, तिच्यात बॅटरीजवळ फ्यूज आणि प्रवाह चालू-बंद करायला रिले, ही योग्य रचना आहे. इग्निशन बंद होताच रिलेही बंद व्हावा, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी खरोखर उतरते. लहान दुचाकींच्या मॅग्नेटोची क्षमता मर्यादित असते आणि इंजिन मंद चालू असताना ती आणखी घटते. काही जुन्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर न चालता मॅग्नेटोच्या एसी विजेवर चालतो. त्या वायरीवर जोडलेला एलईडी दिवा लुकलुकतो किंवा लवकर निकामी होतो.

बसवल्यानंतर झोत जुळवावा लागतो. सपाट जागेवर, भिंतीसमोर, चालक गाडीवर बसलेला असताना झोताची वरची कडा पाहावी. गाडी मागे नेत गेल्यावर ही कडा भिंतीवर खाली सरकायला हवी. ती वर चढत असेल, तर झोत आभाळाकडे आहे. नेहमी मागे कोणी बसत असेल, तर तेवढे वजन धरून जुळवणी करावी, कारण मागचा भार झोत वर उचलतो.

गैरसमज: मागे टेललाइट आहे, तेवढे पुरे.

वस्तुस्थिती: तारेचा बल्ब पूर्ण उजळायला एलईडीपेक्षा सुमारे ०.२ सेकंद जास्त घेतो. मागची गाडी ताशी ६० किलोमीटरने येत असेल, तर तेवढ्यात ती तीन मीटरहून अधिक पुढे येते. म्हणून ब्रेकलाइटसाठी दर्जेदार एलईडी हा उपयोगी बदल आहे. चालकाने नुसता गिअर उतरवून वेग कमी केला, तर ब्रेकलाइट लागतच नाही. अशा वेळी ब्रेकला हलका स्पर्श करून मागच्याला सूचना देता येते. पावसाळ्यात टेललाइटवर आणि परावर्तकावर बसणारा चिखल पुसणे हा बिनखर्चाचा उपाय.

गैरसमज: दिवे असले की कपड्यांच्या रंगाला महत्त्व नाही.

वस्तुस्थिती: दिवे मुख्यतः पुढून आणि मागून दिसतात. बाजूने आणि वळणावर चालकाचे शरीर हाच दुचाकीचा मोठा दिसणारा भाग असतो. ऑकलंडच्या अभ्यासात फ्लुरोसंट किंवा परावर्तक कपडे घालणाऱ्यांची जोखीम ३७ टक्क्यांनी कमी होती, तर पांढऱ्या हेल्मेटवाल्यांची काळ्या हेल्मेटवाल्यांपेक्षा २४ टक्क्यांनी. फ्लुरोसंट रंग सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषून ते दृश्य रंगात परत देतो, म्हणून रात्री त्याचा प्रभाव ओसरतो. रात्री चांदीसारखी चमकणारी परावर्तक पट्टी हवी, कारण ती हेडलाइटचा प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवते. इथेही पार्श्वभूमीचा नियम चालतो. इस्रायलमधील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले की शहरातील रंगीबेरंगी गर्दीत उजळ कपडे उठून दिसतात, पण मोकळ्या रस्त्यावर मागे लख्ख आकाश असताना गडद कपडे जास्त लक्षात येतात.

गैरसमज: दिवे नीट लावले की समोरच्याला दुचाकी दिसणारच.

वस्तुस्थिती: मोटारीच्या काचेशेजारचा खांब एक अख्खी मोटरसायकल झाकू शकतो आणि ट्रकच्या कडेला चालकाला न दिसणारा मोठा पट्टा असतो. तिथे कोणताही दिवा पोहोचत नाही. मान झटकन वळवताना डोळ्यांची उडी होते, त्या क्षणी मेंदू चित्र टिपत नाही आणि अरुंद दुचाकी त्या फटीत निसटते. चौकाजवळ वेग कमी करणे, आडोशातून बाहेर येईल अशी लेनमधली जागा निवडणे आणि मोठ्या वाहनाच्या कडेला न रेंगाळणे ही कामे चालकाचीच राहतात. जादा दिवे समोरच्याला ओळख आणि अंदाज यांसाठी थोडा अधिक वेळ मिळवून देतात, आणि तो वेळ प्रखरतेपेक्षा दिव्यांची जागा, मांडणी व झोताचा कोन यांवर अवलंबून असतो.